मास्तरांची बदली

मास्तरांचा आवाज गेला तो भर वर्गात, चालू वाक्यात, नेमका मुख्य क्रियापदाच्या अलीकडे. "इफ आय हॅड" एवढं ठणठणीत बाहेर पडलं आणि पुढे नुसती हवा. मास्तरांनी पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा हवा. समोरची मंडळी सगळी प्रौढ, दिवसभर आपापली कामं उरकून संध्याकाळी इंग्रजी शिकायला येणारी. एक बँकेतला कॅशियर, एक बसचालक, इस्पितळातली एक नर्स, आणि परदेशी जावयाशी भांडता यावं एवढ्याच माफक हेतूने इंग्रजी शिकणारी एक सासू. मास्तरांवर त्यांची गाढ श्रद्धा होती. त्यांना वाटलं, ही शिकवण्याची काहीतरी नवी पद्धत असणार. सगळ्यांनी एका सुरात "इफ आय हॅड" म्हटलं आणि तोंडातून हवा सोडली.

आता आवाज बसणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. गवयाचा बसतो, पुढाऱ्याचा बसतो, लग्नघरातल्या मामाचा तर बसलाच पाहिजे. मास्तरांचाही घसा गेले काही महिने खरखरत होताच. पण मास्तरांच्या घरी पगार यायचा तो घशातून. घशावर शाळेची नोकरी, नोकरीवर त्या परक्या देशात राहण्याचा परवाना, आणि परवान्यावर मास्तर, मास्तरीणबाई आणि शाळेच्या शेवटच्या वर्षाला असलेली त्यांची लेक. म्हणजे नीट पाहिलं तर तीन माणसं बोटभर रुंदीच्या एका नळीवर तोल सांभाळून उभी होती.

वर्ग सुटल्यावर मास्तर संचालिकाबाईंच्या खोलीत गेले आणि कागदावर लिहून दिलं, की घसा बसला आहे, दोन दिवस रजा मिळावी. बाई कळवळल्या. खुर्ची दिली, पाणी दिलं. "तब्येत आधी, बाकी सगळं मागाहून," म्हणाल्या. आणि त्याच सुरात त्यांनी विचारलं, "मग उद्या कोण येतंय?"

मास्तरांना काही उमगेना.

"तुमच्या जागी हो. आजारपणाची रजा आहेच की आपल्याकडे. फक्त बदली शिक्षक ज्याचा त्याने आणायचा, आणि आदल्या दिवशी दुपारच्या आत कळवायचं. नाहीतर मग गैरहजेरी लागते, आणि गैरहजेरी साचली की करार पुढे वाढवताना मला अवघड जातं. आपण सगळे एक कुटुंबच आहोत ना!"

जी संस्था स्वतःला कुटुंब म्हणवते तिथे रजा मागू नये, हे शहाणपण मास्तरांना जरा उशिरा आलं. कुटुंबातून कुणाला कधी रजा मिळाली आहे? शिवाय आदल्या दिवशी दुपारच्या आत कळवायचं म्हणजे आजारी पडण्याचाही आगाऊ बेत हवा. मास्तर तसे बेतशुद्ध माणूस. पण आपला घसा इतका बेशिस्त निघेल अशी त्यांची कल्पना नव्हती.

घरी पोचेपर्यंत बातमी इमारतभर झाली होती. खालच्या मजल्यावरचे निवृत्त सुतारकाका दारातच भेटले आणि त्यांनी खुणेने सांगितलं की गळ्याला गरम मफलर गुंडाळा. वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंनी जिन्यातच तो मफलर सोडवला आणि खुणेनेच सांगितलं की गळा मोकळा ठेवा. पुढचे दोन दिवस मास्तर जिना चढताना मफलर घालत आणि उतरताना काढत. मायदेशातून, विमानाने अर्ध्या दिवसाच्या अंतरावरून, थोरल्या दादाचा फोन आला. "मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर. आणि जरा कमी बोलत जा. लहानपणापासून सांगतोय तुला." मास्तरांना यावर पुष्कळ बोलायचं होतं.

"अहो, आधी डॉक्टरकडे जा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "हे गुळण्यांचं दुखणं नाही. तीन महिने झाले, मी ऐकतेय. झोपेतसुद्धा घरघर लागलेली असते."

मास्तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. तिथे भेटीची वेळ फक्त फोनवर मिळायची. खिडकीशी गेलं की आतली बाई काचेवर चिकटवलेल्या फोन नंबरकडे बोट दाखवायची आणि मान खाली घालायची. मास्तरांनी तिथेच उभं राहून तो नंबर फिरवला. आत फोन वाजला. बाईने उचलला. मास्तरांनी जिवाच्या आकांताने बोलायचा प्रयत्न केला आणि तिच्या कानात नुसत्या धापा गेल्या. ती दचकली. पुन्हा "हॅलो" म्हणाली. मास्तरांनी आणखी जोर केला. तिने वर पाहिलं, तर काचेपलीकडे एक मिशाळ परका इसम फोन कानाला लावून, आपल्याकडे टक लावून, घामाघूम होऊन धापा टाकतोय.

पुढचं सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. एवढंच सांगतो की सुरक्षारक्षक सभ्य होता, त्याने मास्तरांना फक्त दंडाला धरलं. पंचवीस वर्षं ज्या माणसाने वर्गात कुणाला मोठ्याने खोकू दिलं नव्हतं, तो माणूस फुटपाथवर उभा राहून आपला कोट सारखा करत होता आणि रस्त्यावरची माणसं वळसा घालून जात होती.

शेवटी वेळ घेतली ती लेकीने, शाळेतल्या मधल्या सुट्टीत. पहिल्या डॉक्टरने घशात बॅटरी मारली, सूज आहे म्हणाला, आणि दाखल्यावर लिहिलं, 'बोलण्याचं काम करू नये.' मास्तर तो दाखला घेऊन अभिमानाने संचालिकाबाईंकडे गेले. बाईंनी तो दोनदा वाचला.

"बोलू नये म्हटलंय," त्या म्हणाल्या. "येऊ नये असं कुठे म्हटलंय?"

आता बदली शोधणं आलं. बदली शिक्षक शाळेच्या ओळखीचा हवा, असा नियम. आणि शाळेच्या ओळखीचे सगळे शिक्षक त्याच वेळी त्याच शाळेत शेजारच्या खोल्यांत शिकवत असत. मोकळे दोघेच. एक म्हातारा खलाशी, जो बोटीवरून उतरल्यावर पोटासाठी इंग्रजी शिकवायला लागला होता, आणि एक तरुण गिटारवाला, जो का शिकवत होता हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

खलाशी लगेच हो म्हणाला. "तू झोप रे," म्हणाला, "मी बघतो तुझी पोरं." दोन दिवस मास्तर खरोखर झोपले. तिसऱ्या दिवशी बँकेतून तक्रार आली. कॅशियरने एका इंग्रज ग्राहकाला नोटा मोजून देताना, नव्याने शिकलेल्या वाक्याने त्याचे आभार मानले होते. ते वाक्य बोटीवर फार प्रेमाने वापरतात. पण त्यात ग्राहकाच्या आईचा उल्लेख होता. वर्ग मास्तरांचा, म्हणून माफीही मास्तरांनीच मागायची ठरली. ती त्यांनी बँकेत जाऊन, हात जोडून, मुक्याने मागितली. ग्राहकाला वाटलं, हा वेगळाच कुणीतरी मदत मागायला आलाय. त्याने मास्तरांच्या तळहातावर एक नाणं ठेवलं.

गिटारवाल्याने तीन दिवस नुसती गाणी म्हणून घेतली. वर्ग बेहद्द खूश. मास्तरांच्या मनाला ते लागलं. आपण इतकी वर्षं कर्मणी प्रयोग जीव ओतून शिकवला, त्यावर कधी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी गिटारवाल्याचा निरोप आला की त्याला सर्दी झाली आहे, आणि आज वर्ग घ्यायला कोण मिळेल ते मास्तरांनीच बघावं. कारण वर्ग मूळचा त्यांचाच. खलाशाचा फोन लागेना. दुपार टळत चालली होती.

मास्तर उठले आणि कोट घालू लागले.

"कुठे?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

मास्तरांनी शाळेच्या दिशेने बोट केलं.

"आणि बोलणार कोण? भिंत?"

मास्तर गप्प उभे राहिले. म्हणजे ते गप्पच होते, पण आता त्यांचे खांदेही गप्प झाले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, एप्रन खुंटीला अडकवला आणि आपलाही कोट अंगात चढवला. "चला. तुम्ही कानात सांगा, मी मोठ्याने म्हणते. पाठ म्हणायला काय लागतं?"

यात एक अडचण होती. मास्तरीणबाई लग्नाआधी गावाकडच्या शाळेत भूगोल शिकवत आणि त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत जाई. पण इंग्रजी त्या बोलत नसत. येत नव्हतं असं नाही. सुरुवातीला बोलायच्या. पण प्रत्येक वाक्यामागे मास्तर ते दुरुस्त करून परत द्यायचे, आणि बाईंनी हळूहळू वाक्यं देणंच बंद केलं होतं.

वर्गाने दोघांचं उभं राहून स्वागत केलं. त्या दिवशीचा धडा होता सल्ला कसा द्यावा. मास्तर बाईंच्या कानाशी वाकून कुजबुजले. बाईंनी वर्गाकडे पाहून खणखणीत आवाजात सोडलं, "यू शुड सी अ डॉक्टर."

वर्गाने ते म्हटलं. मास्तर पुन्हा वाकले. पण बाई आता थांबायला तयार नव्हत्या.

"आय टेल हिम एव्हरी डे," त्या वर्गाला म्हणाल्या. "ही इज नॉट गोइंग."

वर्गाने हेही वहीत उतरवून घेतलं. मास्तर 'गोइंग' दुरुस्त करायला कानाशी गेले, बाईंनी त्यांना हाताने मागे सारलं. सासूबाई आपलं जड शरीर पुढे झुकवून म्हणाल्या, "ही शुड गो!" बसचालक म्हणाला, "ही शुड नॉट वर्क!" कॅशियर म्हणाला, "द बॉस शुड बी इन जेल!" पंचवीस वर्षांत मास्तरांच्या कुठल्याही वर्गात इतकी जिवंत चर्चा झाली नव्हती, आणि विषय होता मास्तर. ते फळ्याला टेकून उभे होते. बायकोची इंग्रजी वाक्यं एकामागून एक, मोडक्या पायांची, पण धावत सुटलेली. त्यांना राग आला, लाज वाटली, आणि त्यातच कुठेतरी बरंही वाटलं.

नर्स मात्र काहीच बोलली नव्हती. ती उठली, फोनचा दिवा लावला आणि मास्तरांसमोर आली. "ओपन," म्हणाली. मास्तरांनी आ केला. मग तिने त्यांच्या मानेवरून, कानाखालून, सावकाश बोटं फिरवली. एका जागी ती बोटं थांबली. तिने बाईंना विचारलं, "हाऊ लाँग?"

"थ्री मंथ्स," बाई म्हणाल्या. "मोअर."

नर्सने फळ्यावर एका मोठ्या डॉक्टरचं नाव आणि पत्ता लिहिला.

"टुमॉरो," ती म्हणाली. आणि जरा थांबून, धडा आठवून म्हणाली, "नॉट शुड. मस्ट."

दुसऱ्या दिवशी तिघं मोठ्या डॉक्टरकडे गेले. लेकीने शाळा बुडवली. विद्यार्थ्याला बदली माणूस द्यावा लागत नाही, ही त्या देशातली एक चांगली सोय. डॉक्टरांना इंग्रजी येत नव्हतं आणि मास्तरांना तिथली भाषा भाजी घेण्यापुरती यायची, म्हणून लेक मधल्या खुर्चीवर बसली. डॉक्टरांनी मास्तरांच्या नाकातून एक बारीक नळी आत घातली आणि समोरच्या पडद्यावर मास्तरांचा घसा दिसू लागला. मास्तरांनी आयुष्यभर त्याच्याकडून काम करून घेतलं होतं, भेट पहिलीच. ओलसर, लालसर, आणि एका बाजूला काहीतरी पांढुरकं, खडबडीत.

डॉक्टर बोलू लागले. बराच वेळ बोलले. लेक ऐकत राहिली. तिचे हात मांडीवर होते, आणि एका हाताने दुसऱ्याचा अंगठा घट्ट धरला होता.

"काय म्हणाले गं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"गाठ आहे. काढायला लागेल म्हणाले."

"इतकं बोलले आणि तू एवढंच सांगतेस?"

"इथली भाषाच लांबट आहे, आई."

मास्तरांनी त्या लांबट भाषेतला एक शब्द उचलला होता. रोगांची नावं सगळीकडे थोडीफार सारखीच असतात, आणि 'इस्पितळात' हा धडा त्यांनी कितीदा घेतला होता. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे पाहत होती. मास्तरही मग कानाचं चित्र पाहू लागले. बसमध्ये परत येताना त्यांनी तिला खिडकीची जागा दिली. एरवी ती जागा ते कुणालाच देत नसत. ती बसली आणि सबंध रस्ताभर काचेकडे तोंड करून राहिली, आणि मास्तरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला तो उतरेपर्यंत काढला नाही.

शस्त्रक्रियेची तारीख जवळची मिळाली. पुढे सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही, असंही कळलं. मास्तरांनी हे सगळं संचालिकाबाईंना व्यवस्थित लिहून पाठवलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. मास्तरांना उचलून उपयोग नव्हता, म्हणून मास्तरीणबाईंनी उचलला. पलीकडून फार हळहळ ऐकू आली. फोनमधून ती खोलीभर पसरली. त्या किती प्रार्थना करताहेत, शाळा किती हादरली आहे. आणि मग, "पण सहा आठवडे कोण येतंय?"

मास्तरीणबाईंचा चेहरा मास्तरांना बाजूने दिसत होता.

"ही इज इल," त्या म्हणाल्या. "यू फाइंड."

आणि फोन ठेवला.

व्याकरणाच्या दृष्टीने 'फाइंड' हे सकर्मक क्रियापद आहे, त्याला कर्म लागतं. कुणाला शोधा, काय शोधा, ते सांगावं लागतं. मास्तरांनी ते वाक्य मनात उलटसुलट करून पाहिलं. त्यांना त्यात काही कमी सापडलं नाही.

आणि संचालिकाबाईंनी खरंच शोधला. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी, मास्तर गळ्याला पट्टी बांधून पडले असताना, शाळेचा निरोप आला. मास्तरांच्या प्रकृतीवर ताण नको म्हणून त्यांच्या जागी गिटारवाल्याची कायमची नेमणूक करण्यात आली होती. करार संपेपर्यंतचा पगार मिळेल, पुढे वाढवता येणार नाही, आणि मास्तर कायम शाळेच्या कुटुंबातलेच राहतील.

खलाशी भेटायला आला तेव्हा त्याला हे कळलं. त्याने बोटीवरची ती प्रेमाची वाक्यं संचालिकाबाईंच्या नावाने क्रमाने म्हटली आणि पलंगाच्या कठड्यावर मूठ आपटली. जाताना म्हणाला, "मला विचारलं होतं तिने आधी. मी नाही म्हटलं." मास्तरांनी त्याचा हात हातात घेतला.

गाठ वाईट होती. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात असं म्हणू या, आणि लेकीने या वेळी वाक्य पूर्ण सांगितलं, 'म्हणू या'सकट. घशातला एक स्वरतंतू अर्धाअधिक काढावा लागला होता. आवाज येईल, पण वर्गात शिकवण्याइतका नाही. परवाना लेकीच्या परीक्षेपर्यंत पुरत होता. त्यानंतर परत जायचं. दादा फोनवर म्हणाला, "या इकडे. काहीतरी बघू." त्या 'काहीतरी'कडे घरातलं कुणीच फार निरखून पाहत नव्हतं.

आठवडे तसे शांततेत गेले. घरात पाटी आली. मास्तर पाटीवर लिहीत, पाणी दे, खिडकी लाव, आणि लेकीच्या निबंधातली शब्दयोगी अव्ययं. सुतारकाका येऊन बसत आणि तेही बोलत नसत. दोघांचं छान जमलं.

पण मास्तरीणबाई एकदम कमी बोलू लागल्या. एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना, पाठमोऱ्याच, त्या म्हणाल्या, "माझ्या तोंडाने गेली तुमची नोकरी. गोड बोलले असते तर तिने सहा आठवडे काढलेही असते. इतकी वर्षं गप्प राहिले, आणि बोलले ते नेमकं हे."

मास्तरांनी जोरजोराने मान हलवली. पण बाईंची पाठ होती. त्यांनी पाटी घेतली, लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. पाटीवर ते सगळं शेऱ्यासारखं दिसत होतं, वहीच्या तळाशी मास्तर मारतात तसल्या. त्यांनी पाटी उलटी ठेवली. कसंही करून हे तोंडानेच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं, आणि उरलेले दिवस ते वाक्य मनात घोळवत राहिले. इंग्रजीत जुळवलं, मराठीत जुळवलं. कधी ते परिच्छेदभर लांब व्हायचं, त्यात पंचवीस वर्षांचा हिशेब यायचा.

सहा आठवड्यांचं मौन संपायच्या दिवशी तिघं पुन्हा त्याच खोलीत बसले. डॉक्टरांनी नळीने आत पाहिलं, मान डोलावली आणि लेकीला काही सांगितलं.

"बाबा, बोलून बघा म्हणतायत. थोडंच. जोर नाही करायचा."

मास्तरांनी श्वास घेतला. घोळवलेला परिच्छेद घशाशी आला आणि एवढ्या अरुंद वाटेतून तो जाणार नाही हे त्यांना कळलं.

"अगं," ते म्हणाले.

तो त्यांचा आवाज नव्हता. फरशीवरून लोखंडी खुर्ची ओढावी तसं काहीतरी होतं. लेकीने डोळे मिटले. मास्तर स्वतःच दचकले, पण थांबले नाहीत.

"अगं, बरं केलंस."

मास्तरीणबाई पदराशी चाळा करत होत्या, तो थांबला. डॉक्टर लेकीला काहीतरी विचारू लागले. वडील काय म्हणाले, असंच असावं. लेक आईकडे पाहत होती. मास्तर पुढे बोलायला तोंड उघडणार, तोच डॉक्टरांनी हात वर केला. आजच्यापुरतं एवढंच, उद्या पुन्हा एवढंच.

बाईंनी नाक पुसलं, पिशवी उचलली, मास्तरांचा कोट त्यांच्या खांद्यावर नीट बसवला.

"मला नाही ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "उद्या परत म्हणा."